सांडपाण्यावरचं पीक

नाशिक शहरातून रोज वाहून जाणाऱ्या सांडपाण्यात खत असतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम नत्र धरलं, तर दहा लाख लिटर पाण्यात ४० किलो नत्र होतं. युरियात नत्राचं प्रमाण ४६ टक्के, म्हणजे हे झालं ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्यांइतकं. तपोवनातल्या मलनिस्सारण केंद्राची क्षमता रोज १३ कोटी लिटरची आहे. ते पूर्ण क्षमतेने चाललं, तर तिथे येणाऱ्या पाण्यात रोज अडीचशे गोण्या युरियाइतकं नत्र असेल. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार खताच्या एकेका पिशवीचा हिशेब मांडत असतो, आणि त्याच खोऱ्यातलं शहर ट्रकभर खत पाण्यावाटे सोडून देतं.

नदी ते खत वाया घालवत नाही. शहराच्या खाली गोदावरीच्या संथ पाण्यावर पाणवेलींचा गालिचा पसरतो, काठाला शेवाळाचा थर धरतो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात, तिथे इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा आहे आणि त्यामागे नांदूरमध्यमेश्वरचं पाणथळ. या पाणथळाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा, दर्जा मिळाल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. हजारो स्थलांतरित पक्षी इथे हिवाळा काढतात. वरून येणारं शहरी सांडपाणी याच पाण्यात येऊन विसावतं. पाणवेली काढायला यंत्रं लावायची, पुढच्या वर्षी पुन्हा काढायची, हा क्रम चालू राहतो, कारण वेलींना पोसणारं नत्र आणि स्फुरद रोज नव्याने येत असतं.

मग प्रश्न साधा आहे. हे पीक नदीत येणारच असेल, तर ते नदीत पोहोचण्याआधी, आपल्या ताब्यातल्या तळ्यात का घेऊ नये? आणि घेतलंच, तर त्यापासून इंधन का करू नये? जगभरच्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नावर सत्तर वर्षं घालवली आहेत. नाशिकसाठी त्याचं उत्तर होकारार्थी आहे, असं मला वाटतं. मात्र त्या उत्तरात इंधनाची जागा पहिली नाही, दुसरी आहे.

एका तळ्यातला एक दिवस

सूक्ष्मशैवाल म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारं शेवाळ. क्लोरेला, सेनेडेस्मस अशा जातींची एकेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. तिला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. मिळालेला सूर्यप्रकाश ती थेट वाढीसाठी वापरते. परिस्थिती अनुकूल असेल, तर एका दिवसात एकीच्या दोन पेशी होतात.

सांडपाण्यावर हे शेवाळ वाढवण्याची पद्धत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विल्यम ऑस्वाल्ड या अभियंत्याने १९५० च्या दशकात बसवली. त्याचं तळं उथळ असतं, जेमतेम फूटभर खोल, कारण हिरव्या पाण्यात प्रकाश त्याहून खाली फारसा उतरत नाही. आकार धावपट्टीसारखा लांबट आणि वळणावर गोल. एका जागी पाती असलेलं मोठं चाक संथपणे फिरतं आणि पाण्याला सतत पुढे ढकलतं. पाणी वाहतं राहिलं, की तळाची पेशी वर येते, वरची खाली जाते आणि सगळ्यांना प्रकाशाचा वाटा मिळतो.

या तळ्यात दिवसभर काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. रात्रभर शेवाळानेही श्वास घेतला आणि मैला खाणाऱ्या जिवाणूंनीही. सूर्य वर आला, की शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊ लागतं आणि ऑक्सिजन सोडू लागतं. जिवाणू त्या ऑक्सिजनवर मैल्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि बदल्यात कार्बन डायऑक्साइड परत देतात. दुपारपर्यंत पाण्यात ऑक्सिजन इतका साठतो, की त्याचे बारीक बुडबुडे वर येऊ लागतात. कार्बन डायऑक्साइड संपत आल्याने पाण्याचा सामू नऊच्या वर चढतो. या चढलेल्या सामूने आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी रोगजंतू मोठ्या प्रमाणावर मरतात. काही नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातं, काही स्फुरद कॅल्शियमबरोबर साका होऊन तळाशी बसतं, आणि बाकीचं शेवाळाच्या अंगी लागतं.

मलनिस्सारण केंद्रात हेच काम हवा फुंकणारे ब्लोअर करतात. त्यांना दर हजार लिटरमागे साधारण पाव ते अर्धा युनिट वीज लागते, म्हणजे दहा लाख लिटरला काहीशे युनिट. शेवाळाच्या तळ्यात फक्त ते एक चाक फिरवावं लागतं; ऑक्सिजन उन्हातून मिळतो. ही वाचलेली वीज पुढच्या हिशेबात फार महत्त्वाची आहे.

ऑस्वाल्डच्या कल्पनेवर उभारलेली तळी १९६७ मध्ये सेंट हेलेना या छोट्या गावाच्या सांडपाण्यासाठी सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं चालली. सेंट हेलेना नापा खोऱ्यात आहे, म्हणजे अमेरिकेच्या द्राक्षांच्या आणि वाइनच्या मुलखात. नाशिककरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तेलाचा मोह

काही शेवाळांच्या पेशीत तेल साठतं. त्या तेलापासून बायोडिझेल करता येतं. करडई-सोयाबीनसारखी सुपीक जमीन लागत नाही, आणि एकरी उत्पन्न त्यांच्याहून कितीतरी जास्त निघू शकतं. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर ही कल्पना कोणालाही भुरळ घालेल अशीच होती. अमेरिकी सरकारने १९७८ मध्ये त्यावर मोठा संशोधन कार्यक्रम सुरू केला. शास्त्रज्ञांनी सुमारे ३,००० जातींची शेवाळं गोळा केली आणि न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल इथे उघडी तळी चालवून पाहिली. १९९६ मध्ये कार्यक्रम बंद झाला. शेवाळाचं तेल खनिज तेलाच्या भावाशी टक्कर देऊ शकत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. २००९ मध्ये एक्झॉनमोबिल कंपनीने या संशोधनासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी जाहीर केली. २०२३ पर्यंत तिनेही हात काढून घेतला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने २०१२ मध्ये शेवाळाच्या बायोडिझेलवर गाडी चालवून दाखवली. गाडी चालते, यात शंका राहिली नाही. अडचण भावात आहे.

हे असं का होतं, याचं कारण शेवाळाच्या स्वभावात आहे. नत्राची उपासमार झाली, की पेशी वाढ थांबवून तेल साठवू लागते. भरपूर नत्र मिळालं, तर ती तेल न साठवता प्रथिनं बनवते आणि झपाट्याने वाढते. म्हणजे तेलाचं प्रमाण वाढवावं तर पीक घटतं, आणि पीक वाढवावं तर तेल घटतं. अमेरिकी शास्त्रज्ञांना हा पेच तेव्हाच उमगला होता. सांडपाणी तर नत्राने काठोकाठ भरलेलं. त्यात वाढलेलं शेवाळ धष्टपुष्ट होतं, पण तेलकट होत नाही. सांडपाण्यातून बायोडिझेल काढण्याच्या बेतातली मूळ विसंगती हीच आहे.

दहा लाख लिटरांचा हिशेब

आता वरचे ४० किलो नत्र पुन्हा हातात घेऊ. सुक्या शेवाळात वजनाच्या साधारण ८ टक्के नत्र असतं. सगळं नत्र शेवाळात उतरलं असं मानलं, तर दहा लाख लिटर सांडपाण्यातून रोज ५०० किलो सुकं शेवाळ मिळेल. उघड्या तळ्यात वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला दिवसाकाठी १५ ग्रॅम उत्पन्न धरणं वाजवी आहे. त्या हिशेबाने ३३ हजार चौरस मीटर, म्हणजे आठ एकरांहून थोडी जास्त जागा लागेल.

त्या ५०० किलोंत २० टक्के तेल धरलं तरी हाती येईल १०० किलो, म्हणजे लिटरच्या मापात शंभराच्या थोडं वर. पण तेल काढायचं तर बहुतेक पद्धतींत शेवाळ आधी सुकवावं लागतं. यंत्राने पाणी काढल्यावरही त्या लगद्यात पाचातले चार भाग पाणी उरतं, म्हणजे ५०० किलो शेवाळामागे २,००० किलो पाणी. ते उष्णतेने उडवायला १,२०० युनिटांहून जास्त ऊर्जा लागते, आणि त्या शंभर-सव्वाशे लिटर तेलातली एकूण ऊर्जा साधारण हजार युनिटांची. नुसतं वाळवण्यातच मिळकतीहून जास्त खर्च झाला. उन्हात वाळवता येईल, पण त्यासाठी आणखी जागा हवी, आणि पावसाळ्यात चार महिने तो मार्ग बंद.

आता तेच ओलं शेवाळ बायोगॅसच्या बंद टाकीत घालून पाहू. सुकवायची गरज नाही, तेल वेगळं काढायची गरज नाही. जिवाणू त्यातले तेल, प्रथिनं, पिष्ट असं सगळंच पचवतात. ५०० किलोंतून साधारण १०० घनमीटर मिथेन मिळेल असं धरायला हरकत नाही. त्याचीही ऊर्जा हजार युनिटांच्या आसपास. जनित्रातून त्याची सुमारे ३५० युनिट वीज होईल, किंवा शुद्ध करून ७० किलो गॅस गाड्यांत भरता येईल. ब्लोअर न चालवल्याने वाचलेली वीजही जवळपास तितकीच आहे. म्हणजे या योजनेतलं अर्धं इंधन आपण बनवत नाही, तर वाचवतो.

स्पेनने हाच रस्ता धरला. दक्षिण किनाऱ्यावरच्या चिक्लाना दे ला फ्रोंतेरा या गावी २०११ पासून युरोपीय संघाच्या मदतीने ‘ऑल-गॅस’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. गावच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवलं, त्याचा गॅस केला, आणि त्यावर गाड्या चालवल्या. ऑस्वाल्डने तर १९६० मध्येच सहकाऱ्याबरोबर सांडपाणी, शेवाळ, मिथेन आणि वीज अशी साखळी मांडली होती. मधली काही दशकं जग तेलामागे धावलं आणि शेवटी त्याच साखळीकडे परत आलं.

काढणी : खरी कसोटी

या पिकाची पेरणी सोपी आहे, काढणी अवघड. तळ्यातलं पाणी गडद हिरवं दिसलं, तरी लिटरमागे शेवाळ असतं जेमतेम अर्धा ग्रॅम. एक किलो सुकं शेवाळ हवं असेल, तर २,००० लिटर पाणी उपसून गाळावं लागतं. काचेच्या बरणीत हे पाणी भरून सावलीत ठेवा. दोन तासांनी पाहिलं तरी ते तसंच हिरवं असतं. पेशींची घनता पाण्याच्या अगदी जवळची, शिवाय प्रत्येक पेशीवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि गोळा होत नाहीत.

तुरटी घातली तर त्या गोळा होतात, पण तुरटीतलं ॲल्युमिनियम शेवाळाबरोबर टाकीत जातं. वेगाने फिरवून पाणी वेगळं काढणारी यंत्रं उत्तम काम करतात, पण वीज खातात. एकूण खर्चाचा पाव ते तिसरा हिस्सा या एका कामावर जाऊ शकतो. सांडपाण्याच्या तळ्यांत मात्र एक नैसर्गिक सोय आहे. शेवाळ आणि जिवाणू एकत्र वाढले, की त्यांच्या चिकट स्रावामुळे जड पुंजके बनतात आणि ते आपोआप खाली बसतात. तळाशी बसलेला थोडा साका रोज पुन्हा तळ्यात सोडला, की पुंजके करणाऱ्या जातींचंच तळ्यात बस्तान बसतं, असं न्यूझीलंडच्या संशोधकांना दिसून आलं. ज्या पाण्यात शुद्ध जातीचं शेवाळ वाढवणं अवघड, त्याच गढूळ पाण्यात काढणी सोपी होते.

नाशिकजवळ काय आहे

शेवाळाच्या बायोगॅसमध्ये एक खोट आहे. शेवाळात नत्र फार आणि कार्बन कमी. बायोगॅसच्या टाकीला एका भाग नत्रामागे वीस ते तीस भाग कार्बन रुचतो. शेवाळात तो पाच ते आठ भागच असतो. नुसतं शेवाळ घातलं तर टाकीत अमोनिया साठतो आणि मिथेन बनवणारे जिवाणू मंदावतात. उपाय एकच : कार्बन जास्त असलेला ओला कचरा त्यात मिसळणं.

इथे नाशिकचं नाव आपोआप येतं. विल्होळीजवळ महापालिकेचा कचऱ्यापासून वीज बनवण्याचा प्रकल्प जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या साहाय्याने उभा राहिला आणि २०१७ मध्ये सुरू झाला. हॉटेलांतलं खरकटं आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकाच टाकीत कुजवायचा, अशी त्याची रचना. क्षमता रोज ३० टनांची आणि आराखड्यातली वीज रोज सुमारे ३,३०० युनिट. दोन वेगळ्या स्वभावाचा कचरा एकत्र पचवण्याची विद्या या शहराने अशी आधीच हाताळली आहे. शेवाळ हा त्यातला तिसरा घटक होऊ शकतो. द्राक्षं गाळल्यावर उरणारा चोथाही कार्बनयुक्त आहे. हंगामात तो जिल्ह्यात भरपूर निघतो.

दुसरी जमेची बाजू सूर्याची. पावसाळा सोडला तर नाशिकचं आकाश बहुतेक वर्षभर मोकळं असतं. तिसरी बाजू मलनिस्सारण केंद्रांच्या रचनेची. शहरातली जुनी केंद्रं मुख्यतः यूएएसबी पद्धतीची आहेत. त्यात सांडपाणी बंद टाकीत खालून वर चढतं, जिवाणूंचा थर सेंद्रिय घाण खातो आणि बायोगॅस बनतो. वीज कमी लागते, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ जसंच्या तसं बाहेर येतं. म्हणजे अशा केंद्रातून निघालेलं पाणी शेवाळाला अगदी हवं तसं : घाण कमी, खत शाबूत. तिथला बायोगॅस शेवाळाच्या पाण्यातून बुडबुडे करून नेला, तर त्यातला कार्बन डायऑक्साइड शेवाळ घेतं आणि गॅस अधिक ज्वलनशील होऊन बाहेर पडतो.

सांडपाण्यात शेवाळाच्या मानाने कार्बन अपुरा असतो. वरून कार्बन डायऑक्साइड दिला, तर उत्पन्न वाढतं. एक किलो शेवाळ जवळजवळ १.८ किलो कार्बन डायऑक्साइड बांधतं. एकलहरेचं ६३० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र नाशिकरोडच्या पंचक आणि चेहेडी मलनिस्सारण केंद्रांपासून फार लांब नाही. त्याच्या धुराड्यातला वायू थंड करून, गाळून, नळाने आणण्याचा खर्च मोठा आहे, म्हणून ही दुसऱ्या टप्प्याची गोष्ट. पण ऊन, सांडपाणी, कार्बन डायऑक्साइड आणि बायोगॅसचा अनुभव एवढ्या जवळजवळ असलेली शहरं थोडी आहेत.

अडचणी झाकून चालणार नाहीत

सगळ्यात मोठी अडचण जागेची. दहा लाख लिटरांना आठ एकर, तर तपोवनाच्या १३ कोटी लिटरांना हजाराहून जास्त एकर. तपोवनात आणि आसपास एवढी मोकळी जमीन नाही, आणि असती तरी ती तळ्यांसाठी मिळाली नसती. म्हणून ‘सगळ्या शहराचं सांडपाणी शेवाळाने शुद्ध करू’ अशी घोषणा कोणी केली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. शेवाळाची जागा छोट्या केंद्रांत आहे, नगरपंचायतींत आहे, सिन्नर-निफाडकडच्या मोठ्या गावांत आहे, वाइनरी आणि अन्नप्रक्रिया उद्योगांच्या आवारात आहे.

दुसरी अडचण ऋतूंची. निफाडचा हिवाळा राज्यातल्या सगळ्यात कडाक्याच्या हिवाळ्यांपैकी एक. पारा काही रात्री पाच अंशांखाली जातो आणि त्या दिवसांत शेवाळ मंदावतं. पावसाळ्यात ढग प्रकाश अडवतात आणि पाणी पातळ होतं. वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यासाठी तळं आखावं लागतं, सरासरीसाठी नाही.

तिसरी अडचण जनावरांची. रोटिफर, डाफ्निया असे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव शेवाळ चरतात. त्यांची पैदास झाली, की हिरवंगार तळं दोन-चार दिवसांत तपकिरी होतं. त्यासाठी तळ्यावर रोज लक्ष ठेवणारा, सूक्ष्मदर्शकातून पाहणारा माणूस हवा. हे काम ठेकेदाराला पाच वर्षांसाठी देऊन विसरता येत नाही.

चौथी आणि सगळ्यात गंभीर गोष्ट जड धातूंची. शेवाळ पाण्यातले निकेल, क्रोमियमसारखे धातू शोषून घेतं. सातपूर-अंबडच्या मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळलं, तर ते धातू शेवाळात, तिथून बायोगॅसच्या मळीत आणि मळीतून शेतात जातील. आणि मळी शेतात जायलाच हवी, कारण टाकीत नत्र नाहीसं होत नाही; गॅस निघून गेल्यावर ते सगळं मळीत उरतं. ती पुन्हा नाल्यात सोडली, तर एवढा खटाटोप फुकट गेला. म्हणून कारखान्यांचं पाणी वेगळं ठेवणं ही या योजनेची पहिली अट आहे. अट पाळली, तर मळी कांद्याला, मक्याला, द्राक्षाला चालेल, आणि गोदावरीत जाणारं खत गोदावरीच्याच खोऱ्यातल्या शेतात परतेल.

मोजमाप कशाचं करायचं

शेवाळाच्या इंधनाचे प्रयोग जगात अनेकदा फसले, ते बहुतेक एकाच चुकीमुळे. त्यांनी यश तेलाच्या लिटरांत मोजलं. त्या मापाने खनिज तेल नेहमीच जिंकतं. पण शुद्ध पाणी, नदीतून अडवलेलं नत्र आणि स्फुरद, वाचलेली वीज, शेताला मिळालेली मळी आणि शेवटी गॅस, असा पाच रकान्यांचा ताळेबंद मांडला, तर चित्र पालटतं. पहिले चार रकाने भरले, तर पाचवा बोनस आहे. ते रिकामे राहिले, तर पाचवा कितीही भरला तरी तोटाच.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. गोदावरीच्या पाण्याबद्दल २०१२ पासून उच्च न्यायालयात जनहित याचिकेच्या निमित्ताने जे बोललं गेलं, ते या काळात पुन्हा ऐरणीवर येईल, आणि नव्या मलनिस्सारण केंद्रांवर मोठा पैसाही खर्च होईल. त्यातला अगदी छोटा हिस्सा एका आठ-दहा एकरांच्या तळ्यासाठी बाजूला काढावा. दहा लाख लिटर पाणी, एखाद्या जुन्या यूएएसबी केंद्राच्या शेजारी, शेवाळ विल्होळीच्या टाकीत, मळी जवळच्या शेतकऱ्यांकडे. उन्हाळा, पावसाळा आणि निफाडची थंडी, असं पूर्ण वर्ष ते चालवावं आणि पाचही रकान्यांचे आकडे महिन्याच्या महिन्याला लोकांसमोर ठेवावेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे विज्ञान विभाग हे मोजमाप करू शकतात. त्यासाठी परदेशी यंत्रणेची गरज नाही.

आकडे चांगले आले, तर महाराष्ट्रातल्या शेकडो छोट्या नगरपालिकांना उपयोगी पडेल असा, विजेवर फार अवलंबून नसलेला मार्ग सापडेल. वाईट आले, तर एका वर्षात आणि थोड्या पैशात ते कळेल, आणि कोणी उद्या हजार कोटींची शेवाळ-इंधन योजना घेऊन आला, तर त्याला विचारायचे नेमके प्रश्न आपल्या हाती असतील. दोन्ही बाजूंनी शहराचा फायदाच आहे.